यहुदी धर्मांतील चतुरक्षरी नाम : लेखनांतील रूप व वाचनांतील रूप

जुनें हिब्रू हस्तलिखित प्रथमच हातीं घेणाऱ्या संशोधकास एक विलक्षण प्रकार लवकरच आढळून येतो. ईश्वराचें जें नाम त्या पोथींत पानोपानीं लिहिलेलें असतें, तें लिहिलें आहे तसें कोणीही वाचीत नाहीं. योद्, हे, वाव् आणि पुन्हां हे अशा चार व्यंजनांचें, उजवीकडून डावीकडे लिहावयाचें हें नाम हिब्रू बायबलांत सुमारें ६,८०० वेळां आलेलें आहे. यहुदी वाचक त्या शब्दापाशीं पोंचला कीं "अदोनाय", म्हणजे "माझा प्रभु", असें म्हणून पुढें जातो. आणि धर्मविधीखेरीज इतर बोलण्यांत "हश्शेम", म्हणजे "तें नाम", एवढाच निर्देश करितो. ग्रीक लेखकांनीं यास टेट्राग्रामाटोन म्हटलें. प्रस्तुत लेखांत आम्ही "चतुरक्षरी नाम" असा शब्द योजिला आहे.

या नामाचा मूळ उच्चार कोणता, या प्रश्नावर युरोपांत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आमच्या मतें इतिहासाच्या अभ्यासकास उच्चारापेक्षां लेखनाचा माग काढणें अधिक फलदायी आहे. उच्चाराचा पुरावा त्रोटक, आणि तोही बहुतेक परकीयांच्या लेखणींतून उतरलेला. लेखनाचा पुरावा मात्र शिळा, रुपें, खापऱ्या, पपायरस व चर्मपत्र यांवर सुमारें २,८०० वर्षांचा पडलेला आहे. तो पाहतां असें दिसतें कीं, ज्या बंधनामुळें या नामाचा ध्वनि हरपला, त्याच बंधनामुळें त्याचें लेखन, व त्याबरोबर इतर कितीतरी लेखन, वांचलें.

आरंभीं हें बंधन नव्हतेंच. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें हें नाम "असणें" या अर्थाच्या हिब्रू धातूशीं जोडण्याचा प्रघात आहे. निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायांत जळत्या झुडुपापाशीं मोशेला जें उत्तर मिळतें तें याच धातूवर रचलेलें आहे. ही व्युत्पत्ति सर्वांस मान्य नाहीं, व आम्ही तिच्यांत खोल शिरत नाहीं. आजच्या सुदानांतील सोलेब येथील तिसऱ्या आमेनहोतेपच्या देवळांत, म्हणजे इ. स. पू. चौदाव्या शतकांत, शासू नांवाच्या भटक्या लोकांच्या एका प्रदेशाचें नांव या नामासारखें कोरलेलें आहे. पण तें देवाचें नांव कीं नुसतें स्थळाचें, याविषयीं मतभेद आहे. निर्विवाद असा पहिला मोठा शिलालेख म्हणजे मवाबाचा राजा मेशा याचा, इ. स. पू. ८४० च्या सुमाराचा.

या शिळेची हकीकत संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १८६८ सालीं मृतसमुद्राच्या पूर्वेस धीबान येथें क्लाइन नांवाच्या मिशनऱ्यास ती दिसली, त्या वेळीं ती जवळजवळ अखंड होती. पुढें ती मिळविण्यासाठीं युरोपीय राष्ट्रांच्या प्रतिनिधींत चढाओढ लागली व तुर्की अधिकाऱ्यांनींही आपला दाब आणला. तेव्हां तेथील बदाऊनी लोकांनीं शिळा विस्तवावर तापविली, तिच्यावर थंड पाणी ओतलें व तिचे तुकडे करून आपसांत वांटून घेतले. क्लेर्मों-गानो या फ्रेंच विद्वानानें आपल्या माणसाकडून आधींच ओल्या कागदाचा ठसा घेवविला होता म्हणून बहुतेक मजकूर वाचतां आला. जुळविलेली शिळा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. तिच्या अठराव्या ओळींत मेशा असें सांगतो कीं, इस्रायलाचें नबो नगर जिंकून तेथील या नामाच्या देवाचीं उपकरणें त्यानें आपल्या कमोश देवापुढें ओढून आणिलीं. ज्या नामास पुढें इतकें सोंवळें प्राप्त झालें, त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन उल्लेख असा शत्रूच्या विजयलेखांत आहे.

घरच्या लोकांचे लेख यानंतरचे, पण तेही तितकेच मोकळे आहेत. १९३५ सालीं लाखीश येथील उत्खननांत स्टार्की यांस मिळालेल्या शाईनें लिहिलेल्या खापऱ्या इ. स. पू. ५८७ च्या आगेमागें लिहिलेल्या, बहुतेक लष्करी पत्रव्यवहाराच्या आहेत. हाताखालचा अंमलदार वरिष्ठास कुशल चिंतितो तें याच नामानें. आपल्याकडे पत्रारंभीं "श्री" घालावें इतक्या सहजपणें तेथें हीं चार अक्षरें आलीं आहेत. १९७९ सालीं यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत गाब्रिएल बारकाय यांस रुप्याच्या पातळ पत्र्याच्या दोन वळ्या सांपडल्या. त्या उलगडण्यास कांहीं वर्षें लागलीं. आंत हें नाम व याजकांच्या आशीर्वादाचा पाठ निघाला. काल इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरीचा अथवा सहाव्याच्या आरंभींचा. ताईत म्हणून गळ्यांत घालावयाच्या वस्तूवरही हें नाम चालत होतें असें यावरून ठरतें. नाईल नदींतील एलेफंटीन बेटावर इराणी बादशाहीच्या चाकरींत असलेल्या यहुदी शिपायांची वसाहत होती, तिच्या इ. स. पू. पांचव्या शतकांतील अरामी कागदांत हें नाम योद्, हे, वाव् अशा तीनच अक्षरांनीं लिहिलेलें आहे. त्यांपैकीं इ. स. पू. ४०७ चें एक पत्र विशेष महत्त्वाचें. इजिप्शियन पुरोहितांच्या चिथावणीनें पाडलेलें आपलें देवालय पुन्हां बांधण्यास साह्य करावें, असा अर्ज त्यांत यहूदाचा सुभेदार बगोही याजकडे केला आहे. अर्जांत देवाचें नाम साधेपणीं, कोणताही आडपडदा न ठेवितां येतें.

मग उच्चार थांबला केव्हां? एका दिवसांत तो थांबला नाहीं. सुमारें इ. स. २०० मध्यें संकलित झालेल्या मिश्नेंत जी व्यवस्था सांगितली आहे तिजवरून असें दिसतें कीं, यरुशलेमच्या मंदिरांत याजक आशीर्वाद देतांना नाम लिहिल्याप्रमाणें उच्चारीत, मंदिराबाहेर प्रांतोप्रांतीं पर्यायशब्द वापरीत. प्रायश्चित्ताच्या दिवशीं मुख्य याजकाच्या मुखांतून तें निघालें कीं अंगणांतील लोक साष्टांग पडत. बाबिलोनी तालमूदांत रब्बी तारफोन यांची एक आठवण आहे. ते याजककुळांतले. तरुणपणीं आपल्या मामाच्या मागोमाग चौथऱ्यावर चढून त्यांनीं मुख्य याजकाकडे कान लाविला. तेव्हां इतर याजकांच्या गाण्याच्या सुरांत तो नाम गिळून टाकीत असल्याचें त्यांस आढळलें. म्हणजे मंदिर उभें असतांच उच्चार झांकला जाऊं लागला होता. जाणते गुरु सात वर्षांतून एकदां, कांहींच्या मतें दोनदां, तो शिष्यांस सांगत, असेंही त्याच ठिकाणीं म्हटलें आहे. इ. स. ७० सालीं रोमनांनीं मंदिर जाळलें व ज्या एका स्थळीं उच्चारास मोकळीक होती तें स्थळच नाहींसें झालें. याच पिढींतील योसेफस हा इतिहासकार स्वतः याजककुळांतला. मोशेची कथा ग्रीक वाचकांस सांगतांना नामापाशीं येऊन, याविषयीं अधिक बोलण्याची मला मोकळीक नाहीं, असें सांगून तो थांबतो. पतीचें नांव न घेण्याची आपल्याकडील जुनी चाल ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही मनोवृत्ति परकी वाटणार नाहीं. आदर आणि भय यांची सीमा अशा ठिकाणीं पुसट असते.

वाचन बंद झालें तरी लेखन चालूच राहिलें, आणि येथपासून हस्तलिखितांच्या अभ्यासकास खरी सामग्री मिळूं लागते. १९४७ पासून मृतसमुद्राच्या कांठीं कुमरान येथील गुहांत ज्या गुंडाळ्या सांपडल्या त्यांत या एका शब्दाचे अनेक प्रकार आढळतात. यशयाच्या मोठ्या गुंडाळींत तो भोंवतालच्या चौकोनी लिपींतच आहे. हबक्कूकाच्या भाष्याची गुंडाळी पाहिली तर सर्व मजकूर चौकोनी लिपींत, पण हें नाम तेवढें तत्पूर्वींच्या प्राचीन हिब्रू लिपींत. चालू देवनागरी मजकुरांत एकच शब्द ब्राह्मींत लिहावा तसें तें उठून दिसतें. तेथील पंथाच्या नियमावलींत यशयाचा उतारा घेतांना लेखकानें नामाच्या जागीं नुसते चार ठिपके दिले आहेत. एकाच ठिकाणच्या या तऱ्हा पाहतां नियम अजून एकसूत्री झाला नव्हता हें उघड आहे. तथापि हा शब्द इतर शब्दांसारखा लिहावयाचा नाहीं, ही जाणीव बहुतेकांस होती. मोगल दरबारच्या फारसी कागदांत बादशहाचा उल्लेख ओळींतून उचलून वर समासांत लिहीत व ओळींत जागा मोकळी सोडीत, हें आपल्या वाचकांस परिचित आहे. लेखणीनें आदर दाखविण्याची रीत दोहोंकडे आहे; अंतर एवढेंच कीं, दरबारी लेखक शब्दाची जागा बदलतो, कुमरानचा लेखक त्याची लिपि बदलतो.

ग्रीक भाषांतरांतही हेंच झालें. इजिप्तमध्यें मिळालेल्या, फुआद २६६ या क्रमांकानें ओळखल्या जाणाऱ्या अनुवादग्रंथाच्या ग्रीक पपायरसांत मजकूर लिहिणाऱ्यानें नामाची जागा कोरी सोडली आहे व दुसऱ्या हातानें मागाहून तींत हिब्रू अक्षरें भरलीं आहेत. नाहल हेवेर येथील लघुसंदेष्ट्यांच्या ग्रीक गुंडाळींत नाम प्राचीन हिब्रू लिपींत आहे. पुढें ख्रिस्ती लेखकांच्या प्रतींत त्याच्या जागीं "किरियोस", म्हणजे प्रभु, हा ग्रीक शब्द कायमचा बसला. ज्यांनीं हिब्रू अक्षरें जशींच्या तशीं नकलून ठेवलीं त्यांची मात्र एक गमतीची फजिती झाली. चौकोनी लिपींतील हीं चार अक्षरें, हिब्रू न जाणणाऱ्यानें डावीकडून पाहिलीं तर, ग्रीक "पी-योटा-पी-योटा" या अक्षरांसारखीं दिसतात. आणि ग्रीक वाचक तीं चक्क "पिपि" अशीं वाचूं लागले! हें आम्ही विनोदानें सांगत नाहीं. संत जेरोम यानें इ. स. ३८४ च्या एका पत्रांत या वाचनाची नोंद केली आहे. लिपि न कळतां केवळ चित्राप्रमाणें नक्कल केली असतां काय होतें याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

कैरोहून आलेल्या एका पुसून पुन्हां लिहिलेल्या चर्मपत्रावर अक्विलाच्या ग्रीक भाषांतराचे अंश आहेत. बर्किट यांनीं ते १८९७ सालीं छापले. त्यांतही नाम प्राचीन हिब्रू लिपींत आहे. परंतु एका ओळीच्या शेवटीं जागा पुरली नाहीं, तेथें लेखकानें "किरियोस" या शब्दाचें ग्रीक संक्षिप्त रूप घातलें आहे. डोळ्यांपुढें एक व मुखीं दुसरें, हा प्रकार त्या लेखकाच्या बाबतींत अनुमानावर सोडावा लागत नाहीं. ओळींतल्या अपुऱ्या जागेनें तो उघड केला आहे.

आतां यहोवा या शब्दाविषयीं. हिब्रू लिपींत मूळचीं व्यंजनेंच लिहीत. स्वरचिन्हें पुढें, सुमारें सातव्या ते दहाव्या शतकांत, तिबेरिया येथील मसोरेती पंडितांनीं सिद्ध केलीं. लिहिलेल्या पाठांतील एकही अक्षर बदलावयाचें नाहीं हा त्यांचा बाणा. जेथें लिहिलेलें एक व परंपरेनें वाचावयाचें दुसरें, तेथें ते लिहिलेल्या व्यंजनांवर वाचावयाच्या शब्दाचीं स्वरचिन्हें देत. चतुरक्षरी नामावर याप्रमाणें "अदोनाय" या शब्दाचे स्वर चढले. आणि जेथें "अदोनाय" हा शब्द शेजारींच लिहिलेला असे तेथें पुनरुक्ति टाळण्यासाठीं "एलोहीम" या शब्दाचे. हें कसें चाले तें मराठींत दाखवावयाचें झाल्यास असें : पोथींत "जल" लिहिलें आहे, पण वाचावयाचें "पाणी"; म्हणून "जल" या व्यंजनांवर "पाणी" या शब्दाचा काना व वेलांटी दिली. जाणता तें पाहून "पाणी" म्हणेल. अजाण मात्र "जाली" वाचील. "यहोवा" हा शब्द असा जन्मला. तेराव्या शतकांतील लॅटिन ग्रंथांत त्याचा उगम दिसतो; १५१८ च्या गालातिनुसच्या ग्रंथानें त्यास प्रसिद्धि दिली; १५३० च्या टिंडलच्या इंग्रजी भाषांतरांत व १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलांतही तो कांहीं ठिकाणीं आला. त्याविरुद्ध तक्रारी लवकरच सुरू झाल्या. १६०४ सालीं द्रुसियुस या डच पंडितानें त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आम्हांस येथें एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, इ. स. १००८ मध्यें कैरो येथें लिहिलेली, आज सेंट पीटर्सबर्ग येथें असलेली सुप्रसिद्ध संपूर्ण प्रत पाहिली तर तींत बहुतेक ठिकाणीं "हो" चें चिन्हच नाहीं. योद् व वाव् या दोन अक्षरांवरचींच चिन्हें आहेत. म्हणजे हस्तलिखितांचा आधारही "यहोवा" या रूपास मानतात तितका सरळ नाहीं.

विद्वानांस आज "याह्वे" हें रूप अधिक संभवनीय वाटतें. त्यास आधार दोन प्रकारचे. अलेक्झांड्रियाचा क्लेमंट यानें दिलेलें ग्रीक लिप्यंतर, आणि शोमरोनी लोक "याबे" असें म्हणत हें पांचव्या शतकांतील थिओडोरेटचें विधान, हा एक. दुसरा आधार माणसांच्या नांवांचा. यिर्मयाहू, यशयाहू, एलियाहू यांच्या शेवटीं, योनाथान, यहोशवा यांच्या आरंभीं, आणि "हल्लेलूयाह" या घोषांत या नामाचा अंश उच्चारासह टिकला आहे. संभव चांगला आहे, खात्री नाहीं. निष्ठावंत यहुद्यांस असा शोध रुचत नाहीं. आणि २००८ सालीं रोमच्या पोपपीठानेंही आपल्या उपासनेंत व गीतांत हें रूप उच्चारूं नये अशी सूचना काढली.

लेखनाच्या बाजूस परत येऊं. तोराची गुंडाळी लिहिणारा सोफेर म्हणजे धर्मलेखक हें नाम लिहिण्यापूर्वीं आपण तें पवित्र हेतूनें लिहीत आहों असा संकल्प करितो. नाम लिहीत असतां इस्रायलाच्या राजानें कुशल विचारलें तरी उत्तर द्यावयाचें नाहीं, असा दंडक तालमूदकालापासून आहे. आपल्या पोथ्यांत चुकीच्या अक्षरांवर हरताळ फांसून काम भागतें; हिब्रू लेखकास इतर शब्द खरडून काढण्याची मुभा आहे, पण हें नाम एकदां लिहिलें कीं पुसतां येत नाहीं. त्याच्या आरंभीं जोडलेला प्रत्यय खरडला तर चालतो, अंतीं जोडलेला नाहीं, इतका सूक्ष्म विचार शास्त्रकारांनीं केला आहे. नाम भलत्या जागीं पडलें तर बहुधा सगळें पानच गुंडाळींतून काढून नवें शिवावें लागतें, आणि काढलेलें पान जाळतां किंवा टाकतां येत नाहीं. कांहीं लेखक सर्व मजकूर लिहून नामांच्या जागा कोऱ्या ठेवितात व स्नानानें शुद्ध होऊन त्या मागाहून भरितात. अशा गुंडाळींत नामांची शाई भोंवतालच्या शाईहून गडद अथवा फिकी दिसते. संग्राहकानें हा मागाहून झालेला फेरफार किंवा बनावट समजूं नये.

जें पुसतां येत नाहीं तें ठेवावयाचें कोठें? या प्रश्नांतून "गेनिझा" निर्माण झाली. जीर्ण लेख दफन होईपर्यंत सांठवावयाची ही खोली. फुस्तात, म्हणजे जुन्या कैरोंतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या गेनिझेंत केवळ धर्मग्रंथच नव्हे, तर हिब्रू अक्षरांत लिहिलेला बहुतेक कोणताही कागद टाकीत. न जाणों, त्यांत एखाद्या ठिकाणीं ईश्वराचा उल्लेख असेल! दफन करावयाचें राहून गेलें व इजिप्तच्या कोरड्या हवेंत ढीग टिकला. १८९६-९७ च्या हिवाळ्यांत सोलोमन शेख्टर यांनीं त्यांतील फार मोठा भाग केंब्रिजला नेला. तेथें आज सुमारें १,९३,००० तुकडे आहेत. त्यांत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशीं चाललेल्या व्यापाराचीं पत्रें निघालीं व गोइटाइन यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें तीं लावण्यांत घालविलीं. अब्राहाम बेन यीजू या बाराव्या शतकांतील व्यापाऱ्याचें मंगळूर येथील बिऱ्हाड, त्याचा पितळेच्या भांड्यांचा कारखाना, त्याचे मिरीचे व सुपारीचे हिशेब हें सर्व आपणांस कळतें तें या पत्रांवरून. मिरीच्या हिशेबांत पावित्र्य कसलें? पण पत्राच्या माथ्यावर देवाचा उल्लेख असूं शकतो, म्हणून हिशेब वांचला. ज्यांचीं दप्तरें रद्दींत व वाण्याच्या पुडींत गेलेलीं आम्ही पाहिलीं आहेत, त्यांस या श्रद्धेचा हेवा वाटल्यावांचून राहणार नाहीं.

तथापि ही श्रद्धा संग्राहकाच्या सोयीसाठीं नाहीं हेंही ध्यानांत ठेवावें लागतें. नाम असलेलें जीर्ण पान दफन करणें हेंच यहुद्यांच्या दृष्टीनें त्याचें योग्य पर्यवसान. संग्राहकाच्या दृष्टीनें तो नाश. जुन्या गुंडाळ्यांचीं पानें सुटीं करून विकण्याचा धंदा जगाच्या बाजारांत चालतो, तो आम्हांस दोन्ही बाजूंनीं निंद्य वाटतो : श्रद्धेचा भंग होतोच, आणि कोणतें पान कोठून आलें याचा धागाही तुटतो. कोंकणांत बेने इस्रायल समाजाचीं जुनीं घरें व प्रार्थनामंदिरें आहेत. १९४८ नंतर बरींच कुटुंबें इस्रायलला गेलीं व त्यांचीं पुस्तकें, चर्मपत्रें मागें राहिलीं. दाराच्या चौकटीवरील मेझूझेंतली चिठ्ठी, तेफिल्लीनच्या चामडी डबींतल्या चिठ्ठ्या, गुंडाळीचें पान यांपैकीं कांहीं हातीं आल्यास तें कापूं नये, ओल्या फडक्यानें पुसूं नये, व छायाचित्र घेऊन जवळच्या प्रार्थनामंदिराच्या पंचांचें मत घ्यावें, असें आम्ही सुचवितों. चर्मपत्रावर नाम चारही अक्षरांत असतें. प्रार्थनेच्या हस्तलिखित व छापील पुस्तकांत पुष्कळदां दोन किंवा तीन योद्, अथवा एकटें हे, अशीं संक्षिप्त रूपें असतात. लाउटरबाख यांनीं अशा ऐंशीहून अधिक तऱ्हा गोळा केल्या आहेत, आणि पोथीचा प्रांत व काल ठरवितांना त्या उपयोगी पडतात.

कालगणनेंतही या नामाची छाया आहे. हिब्रूंत अक्षरेंच अंक म्हणून वापरितात. योद् म्हणजे १०, हे म्हणजे ५, वाव् म्हणजे ६. सरळ रीतीनें १५ लिहावयाचे तर योद् व हे, आणि १६ लिहावयाचे तर योद् व वाव्, असे जोड होतात; पण हे दोन्ही नामाचेच अंश. म्हणून १५ हे ९ व ६ असे, म्हणजे तेत् व वाव् या अक्षरांनीं, आणि १६ हे ९ व ७ असे लिहितात. थडग्यावरील अथवा पोथीच्या शेवटच्या मित्या लावतांना हें ठाऊक नसेल तर वाचक अडतो. शबात महिन्याच्या पंधराव्या तिथीचा जो वृक्षांचा सण, त्याचें "तू बिश्वात" हें नांव या तेत्-वाव् जोडावरूनच पडलें आहे. याच तिथीस अलिबागजवळ खंडाळें येथें बेने इस्रायल लोक एलियाहू हन्नाबीचा उरूस करीत आले आहेत. संदेष्टा एलियाहू तेथील खडकावर उतरून पुढें आकाशांत गेला अशी त्यांची परंपरा असून, त्या दिवशीं गोड पोह्यांचा मलिदा अर्पण करितात. तिथीच्या नांवांतून नामाचा अंश कटाक्षानें वगळलेला. आणि ज्याच्या नांवें उरूस, त्या एलियाहूच्या नांवाच्या शेवटीं "याहू" हा नामाचाच अंश, माणसाच्या नांवांत आहे म्हणून, निःसंकोच उच्चारला जाणारा.